४१२ सह्या आणि तिठ्यापुढची नऊ मुलं

पावणेपाचला बाक सरकल्याचा आवाज झाला, की मी घड्याळाकडे न बघता सांगायचो किती वाजले ते. दुपारच्या सत्राचा पेपर अडीच ते पाच. शेवटची दहा मिनिटं आमच्या केंद्रावर कुणाला बाहेर सोडत नाहीत. म्हणून ज्यांना गाडी गाठायची असे ती मुलं पावणेपाच ते दहा कमी पाच या वेळात एकेक करून उठत, उत्तरपत्रिका देत आणि व्हरांड्यातून चप्पल वाजवत पळत सुटत. एकदा एका मुलीची उत्तरपत्रिका हातात घेतली तर शेवटच्या प्रश्नाचा फक्त आकडा घातलेला. म्हटलं, "अगं, पंधरा मिनिटं आहेत अजून." ती म्हणाली, "सर, पेपर परत देवक गावतलो, गाडी गावची नाय." म्हणजे पेपर परत देता येईल, गाडी मिळायची नाही.

हे प्रकरण त्या गाडीचं, म्हणजे एसटीच्या बसचं आहे. महाविद्यालय सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावातलं. नाव देत नाही, गावांचीही देत नाही. त्या वर्षी मी विद्यार्थी परिषदेचा प्रभारी होतो आणि परीक्षा समितीतही होतो. या दोन खुर्च्यांवर एकच माणूस बसल्यामुळे काय झालं, तेही पुढे येईल.

आधी भूगोल सांगतो, कारण सगळा घोळ त्यातच आहे. कॉलेज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, स्टँड खाली बाजारात, मधे दोन किलोमीटरचा उतार. पाचला पेपर सुटला तरी गठ्ठे गोळा होऊन पोरं बाहेर पडेपर्यंत पाच-दहा होतात. ५.१५ ची गाडी स्टँडवरून निघते, पंचवीस किलोमीटरवरच्या तिठ्याला, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, जाते, तिथून डावीकडे वळून तीन वाड्या करते आणि रिकामी परत आगारात येते. त्यानंतर त्या रस्त्याला जाणारी एकच गाडी, ६.३० ची वस्तीची. ती तिठ्यावरून उजवीकडे वळते, शेवटच्या गावात रात्री मुक्काम करते आणि पहाटे साडेपाचला परत निघते. डावीकडच्या वाड्यांचं माणूस या गाडीने गेलं तर तिठ्यावर उतरायचं आणि सड्यावरून चार किलोमीटर चालायचं. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. वाटेत दिवा नाही, वस्ती नाही, आणि अलीकडे बिबट्याची बातमी दर आठवड्याला असते.

चूक तशी कुणाचीच नव्हती. विद्यापीठाला पालघरपासून सावंतवाडीपर्यंतच्या कॉलेजांना एकच वेळापत्रक लावायचं तर कुणाच्या तरी गाडीला ते आडवं येणारच. आणि ५.१५ ही गाडी कॉलेजसाठी कधी नव्हतीच, ती बाजाराची गाडी.

आमचा जीएस, म्हणजे परिषदेचा सरचिटणीस, टीवायबीकॉमचा, तालुक्याच्या गावातच राहणारा, नाटकात काम करणारा, आवाज खणखणीत. वर्गप्रतिनिधींनी आपापसात मतदान करून त्याला निवडला होता, दोन मतांनी. महाराष्ट्रात थेट निवडणुका कशा थांबल्या हे या मुलांना गोष्टीसारखं सांगावं लागतं: ऐंशीच्या दशकातल्या हाणामाऱ्या, १९८९ मध्ये मुंबईत झालेला एका विद्यार्थी नेत्याचा खून, नव्वदीच्या सुरुवातीला आलेली बंदी, मग १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर नेमलेले वर्गप्रतिनिधी. २००६ मध्ये लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने लागू केल्या. उमेदवाराने पाच हजारांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही, छापील पोस्टर लावायचं नाही, हजेरी ७५ टक्के हवी. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकीची तरतूद परत आली. २०१९ मध्ये त्या होणार असं जाहीर झालं आणि विधानसभेच्या निवडणुकीमुळे पुढे गेल्या. आमच्या जीएसचा निवडणूक खर्च म्हणजे वर्गप्रतिनिधींना पाजलेला चहा आणि बटाटेवडे. त्याची मर्यादा ठरवायला समिती लागली नसती.

१९९४ च्या कायद्याने परिषदेला दोन कामं दिली होती: विद्यार्थ्यांच्या कल्याणाकडे पाहणं आणि अभ्यासेतर उपक्रमांचा मेळ घालणं. दुसऱ्या कामाला आपण स्नेहसंमेलन म्हणतो. त्याला निधी असतो, तारीख असते, स्टेज असतो. पहिल्या कामाला यातलं काहीच नसतं, त्यामुळे ते बहुतेक वर्षी राहून जातं. जीएसने ते अंगावर घेतलं याचं श्रेय त्याचंच. मी त्याला गाडीबद्दल काही बोललो नव्हतो. एका वर्गप्रतिनिधीने बैठकीत विषय काढला आणि याने वहीत लिहून घेतला.

पुढे जे झालं त्यात मात्र मीही आहे. जीएसने चार दिवसांत निवेदन तयार केलं. विषय: "सायंकाळी ५.१५ ची फेरी ६.०० वाजता सोडणेबाबत". खाली ४१२ सह्या. निम्म्याअधिक सह्या संमेलनाच्या तालमीच्या वेळी, नाचणाऱ्यांच्या रांगेत कागद फिरवून घेतलेल्या. मी मजकूर न वाचता शिफारशीची सही केली. प्राचार्यांचा शिक्का बसला. पाच जण आगारात गेले, सोबत मीही.

आगार व्यवस्थापकांनी बसायला सांगितलं, चहा मागवला, सह्यांची पानं शेवटपर्यंत उलटली.

"यातले माझ्या सव्वापाचला बसणारे किती?"

"सगळ्यांचा पाठिंबा आहे, साहेब," जीएस म्हणाला.

"पाठिंब्याचं तिकीट नाही ना फाडता येत. कुठे उतरतात? किती दिवसांची परीक्षा? आणि सव्वापाचला जी बाकीची माणसं बसतात, ती पाऊण तास काय करतील स्टँडवर?"

चार प्रश्न. आमच्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. त्यांनी राग धरला नाही. फेरीची वेळ कायमची बदलायची तर भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, दाखवावं लागतं, वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते, चालक-वाहकांच्या ड्युट्या नव्याने बसवाव्या लागतात, हे त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. निघताना म्हणाले, "उत्तरं घेऊन या. मग बघू."

बाहेर आल्यावर जीएसचा चेहरा पडलेला. दोन वर्गप्रतिनिधींचं मत असं की विभाग नियंत्रकांकडे कणकवलीला जायचं, नाहीतर स्टँडवर बसून घ्यायचं, पत्रकार बोलवायचे. हे बोलणं दहा मिनिटं चाललं. मग एलआर, म्हणजे परिषदेतली मुलींची प्रतिनिधी, बोलली. ती आत्तापर्यंत गप्पच होती.

"गाडी सहाला झाली तर माझी आई मला कॉलेजला पाठवायची नाही."

ती स्वतः त्या गाडीने जाणारी. तिने जे सांगितलं ते आम्हा पाचांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. परीक्षा वर्षातून थोडे दिवस, गाडी रोजची. ५.१५ ला आयटीआयची पोरं असतात, हायस्कूलच्या मुली असतात, बाजार उरकून निघालेल्या बायका असतात, रिकाम्या टोपल्या घेऊन परतणाऱ्या मासेवाल्या असतात. त्या सगळ्यांना काळोखात घरी पोचवायचं, कशासाठी, तर परीक्षेच्या दिवसांसाठी. "आणि मला विचारलं नाहीत तुम्ही," ती म्हणाली. "सही घेतलीत."

जीएसने तिथेच स्टँडच्या कठड्यावर बसून निवेदनाची प्रत दुमडून खिशात घातली. मला त्या वयात ते जमलं नसतं. ४१२ सह्या गोळा केलेल्या माणसाला ती मागणी चुकली हे मान्य करणं जड जातं, आणि ज्यांनी सह्या दिल्या ते दुसऱ्या दिवशी विचारणार, काय झालं आमच्या निवेदनाचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलंच. "साहेबांनी प्रश्न विचारले, उत्तरं शोधतोय," असं तो सांगत राहिला. काहींनी टर उडवली. एकाने व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, जीएस चहा पिऊन आला.

मोजणीला आठवडा गेला. एलआर आणि जीएस तीन संध्याकाळी ५.१५ च्या गाडीने शेवटच्या वाडीपर्यंत गेले आणि त्याच गाडीने परत आले. तिकिटाचे पैसे स्वतःचे. जीएसकडे पास नव्हता, घर गावातच. आमच्याकडे विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते, पण पास घर ते कॉलेज याच मार्गाचा निघतो. एका वहीत थांब्यागणिक नावं: कोण, कुठल्या वर्गात, कुठे उतरतो, परीक्षेत किती वाजता उठतो, ६.३० ने गेलात तर काय होईल. कंडक्टर काकांनी पहिल्या दिवशी संशयाने बघितलं, दुसऱ्या दिवशी कोण कुठे उतरतो ते स्वतःच सांगायला लागले. आगारातल्या कुणाहीपेक्षा त्यांना ते जास्त माहीत होतं.

आकडे असे निघाले. परीक्षेच्या दिवसांत ५.१५ गाठणारी आमची मुलं २३. त्यातली १४ तिठ्याच्या अलीकडे किंवा तिठ्यावर उतरणारी. त्यांना ६.३० ची वस्तीची गाडी होती. घरी पोचायला उशीर झाला असता, आवडलं नसतं, पण पोचली असती. तिठ्यापुढे डावीकडच्या तीन वाड्यांतली मुलं ९. त्यातल्या ६ मुली. खरी अडचण या नऊ जणांची.

बैठकीत हा आकडा आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, "नऊ जणांसाठी एवढं?" प्रश्न वाईट हेतूने आला नव्हता. संमेलन तीन आठवड्यांवर होतं, मांडववाला अॅडव्हान्स मागत होता. मला वाटलं जीएस भाषण करील. त्याने वही पुढे सरकवली आणि सातवं नाव वाचायला सांगितलं.

सातवं नाव एसवायबीएच्या एका मुलाचं. डोळ्यांना फार कमी दिसतं, ४० टक्क्यांवरचं प्रमाणपत्र आहे. "किती वाजता उठतोस" या रकान्यासमोर त्याने सांगितलं होतं: पावणेपाचला, पण माझं तसं ५.५० पर्यंत असतं. जीएसला त्याचा अर्थ लागला नव्हता, म्हणून त्याने कंसात प्रश्नचिन्ह घातलं होतं आणि मला विचारायचं ठेवलं होतं.

मला अर्थ लागला. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या परीक्षार्थींना तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ द्यावा, असं केंद्र सरकारच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचना तेव्हा सांगत होत्या. अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं. म्हणजे पाचऐवजी ५.५०. हा मुलगा पहिल्या वर्षापासून ती ५० मिनिटं घेत नव्हता, उलट हक्काच्या अडीच तासांतलीही पंधरा सोडून जात होता. आणि त्याने "मला जादा वेळ नको" असं लेखी दिलं होतं. तो अर्ज परीक्षा समितीच्या फाइलला माझ्याच हाताने लागला होता. विद्यार्थ्याला नको आहे, ठीक आहे, खाली सही. का नको, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. परिषदेचा प्रभारी म्हणून मी मुलांना "विद्यार्थ्यांचे प्रश्न शोधा" असं सांगत होतो आणि परीक्षा समितीचा माणूस म्हणून त्यातलाच एक प्रश्न पंचिंग करून फाइलला लावत होतो.

त्यानंतर "नऊ जणांसाठी एवढं" हे वाक्य कुणी उच्चारलं नाही.

उपाय शोधताना बरंच काही सुचलं आणि गळलं. पेपरची वेळ बदलणं आमच्या हातात नव्हतं, प्राचार्यांच्याही नव्हतं. परिषदेच्या पैशातून वडाप ठरवावं, हा जीएसचा आवडता पर्याय. मीच त्याला नको म्हटलं: काळ्या-पिवळ्या गाडीत नऊ जण कोंबून घाटवळणाने पाठवायचे, आणि काही झालं तर जबाबदारी कुणाची? मुलींना परीक्षेपुरतं वसतिगृहात ठेवावं हेही झालं. सहापैकी चार मुलींच्या घरून नकार आला. एकीची म्हैस दुभती होती, पहाटे धार काढायला दुसरं कुणी नव्हतं. हे कारण वहीत जसंच्या तसं लिहिलेलं आहे.

शेवटी तोडगा सुचवला तो कंडक्टर काकांनी, तिसऱ्या फेरीत, परत येताना. वस्तीची गाडी तिठ्यावरून उजवीकडे वळण्याआधी डावीकडच्या वाड्या करून आली तर? चार किलोमीटर जाणं, चार येणं. फक्त परीक्षेच्या दिवशी. सव्वापाच आहे तशीच राहील.

दुसरं निवेदन एका पानाचं झालं. सह्या नऊच. सोबत थांब्यांची यादी, दुपारच्या पेपरच्या ११ तारखा आणि एकच मागणी: या ११ दिवशी ६.३० ची फेरी तिठ्यावरून डावीकडे वळवून न्यावी. सातव्या विद्यार्थ्यासाठी वेगळा परिच्छेद, त्याचं नाव न घालता. नाव घालायचं की नाही यावर जीएस आणि एलआरमध्ये वाद झाला. नावाने वजन येईल असं त्याचं म्हणणं. त्या मुलालाच विचारलं. तो म्हणाला, नको.

आगार व्यवस्थापकांनी कागद एकदाच वाचला आणि पाचवा प्रश्न विचारला. उजवीकडच्या गावाची माणसं त्या ११ दिवशी पंचवीस मिनिटं उशिरा पोचतील, त्यांना विचारलंय का?

नव्हतं विचारलं. एलआरने कपाळाला हात लावला. तिच्या लोकांना न विचारता मागणी केली म्हणून तिने आम्हाला ऐकवलं होतं, आणि आता तीच गोष्ट तिच्या हातून झाली होती. दोघं रविवारी त्या गावात गेले. सरपंच ताईंनी ओसरीवर बसवून सोलकढी दिली, दोन तास गावच्या पाण्याचं सांगितलं आणि मग ग्रामपंचायतीच्या कागदावर हरकत नसल्याचं पत्र दिलं. अट एक: शिमग्यात ही वळवावळवी चालायची नाही. उन्हाळी सत्राचे पेपर शिमग्याच्या आसपास येतात, तेव्हा मुंबईचे चाकरमानी उतरलेले असतात, गाडीला पाय ठेवायला जागा नसते. जीएसने ती अट मान्य केली. बरोबर केलं की घाई केली, याबद्दल माझं मत अजून ठरत नाही. शिमग्यातल्या पेपरांना त्या नऊ जणांचं काय, हा प्रश्न त्याने पुढच्या परिषदेच्या गळ्यात टाकला.

मंजुरी तोंडी आली, नोंद वाहतूक नियंत्रकाच्या वहीत झाली. पहिले चार दिवस गाडी वळली. पाचव्या दिवशीही वळली, पण रिकामी. त्या दिवशीचा पेपर विद्यापीठाने पुढे ढकलला होता, कॉलेजच्या फलकावर सूचना लागली होती, मुलांच्या फोनवर पोचली होती. आगाराला कुणी कळवलंच नव्हतं. चालक-वाहक आठ किलोमीटर फुकट फिरले, मुक्कामाच्या गावात जेवण थंड झालं. दुसऱ्या दिवशी नियंत्रकांनी फोनवर जीएसला जे सुनावलं ते त्याने निमूट ऐकून घेतलं. संध्याकाळी स्टँडवर जाऊन चालक काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "माफी नको, फोन कर." तेव्हापासून वहीत नवीन पान: दर परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी बारापर्यंत आगारात फोन, फोन कुणी केला त्याची सही, पलीकडून कोण बोललं त्याचं नाव. वर्षाअखेरीस जीएसचं सगळ्यात नेमाने झालेलं काम कुठलं, तर हे फोन.

संमेलन झालं. जीएसचं नाटक पडलं, तालमीच झाल्या नव्हत्या.

सहाव्या पेपरला मी सातव्या नावाच्या ब्लॉकवर मुद्दाम ड्युटी घेतली. त्याचा जुना अर्ज फाइलमधून काढून त्याच्याकडून नवा घेतला होता. पाचला बाकीचे उठले. तो बसून राहिला, कागदाला डोळे लावून. पाच-वीसला त्याने सप्लिमेंट मागितली. मी द्यायला गेलो तेव्हा हळूच म्हणाला, "सर, गाडी नक्की वळता ना?" सांगितलं, वळते, सकाळीच विचारलंय. ५.४० ला त्याने पेपर दिला. दहा मिनिटं तरी सोडलीच. सवय असेल.

पुढच्या जूनमध्ये नवा जीएस वही मागायला आला. पानं उलटली, एलआरच्या अक्षरातली थांब्यांची यादी काढली, तिथेच उभ्याउभ्या पेन मागितलं आणि पास होऊन गेलेल्या तिघांची नावं खोडली. मग विचारलं, "सर, डावीकडच्या वाड्यांतून एफवायला यंदा कोण आलंय, ॲडमिशनच्या रजिस्टरवरून बघू?"

रजिस्टर कपाटात होतं. किल्ली क्लार्ककडे. क्लार्क जेवायला गेला होता, म्हणून आम्ही दोघं व्हरांड्यात थांबलो.